थोरलीचा पान्हा

२ एप्रिल १९७३
लिंबरवाडी

पोचलो एकदाचा! युसूफ वडगावला एस.टी.तून उतरलो तेव्हा अंगावर इतकी धूळ होती, की आरशात बघितलं असतं तर कुणी म्हातारा भेटला असं समजून स्वतःलाच नमस्कार केला असता. गावच्या सहकारी संघाची लॉरी न्यायला आली होती. ती चालवणारा चाँद माझ्याच वयाचा, बोलका, पान खाऊन ओठ रंगवलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या, झाडांना पान नव्हतं, विहिरींचे तळ दिसत होते, आणि हा पठ्ठ्या मला सांगत होता की डॉक्टर, आमच्या गावात पाण्याला ददात न्हाई. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं मान हलवली आणि पुन्हा डॉक्टरच म्हटलं. मग मीही सोडून दिलं. ऐकायला काही वाईट लागत नाही.

संघानं दिलेली खोली गोठ्याला लागूनच आहे. कोपऱ्यात रांजण, आणि तो काठोकाठ भरलेला! मी आधी तांब्याभर पाणी प्यायलो, मग तोंड धुतलं, मग नुसताच हात बुडवून बसलो. तिकडे अंबाजोगाईत गीता पहाटे उठून नळाच्या रांगेत उभी राहते, मिळेल त्या घागरीवर दिवस काढते आणि वर शाळेत मुलींना शिकवायला जाते. आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं आहे आणि त्यातलं निम्मं आम्ही पाण्यावरून भांडण्यात घालवलं. मे महिन्यात तिच्या शाळेला सुट्टी लागली की तिला इथं आणायचं, हे मी हात रांजणात असतानाच ठरवून टाकलं. तिनं इथं एकदा मनसोक्त केस धुवावेत, एवढीच सध्या माझी महत्त्वाकांक्षा आहे.

संध्याकाळी झरव्या पाहिल्या. दुधाला म्हैस आणि पाण्याला झरवी, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण इकडचे चार माळ सोडले तर हे जनावर कुठं जगत नाही, त्यामुळे मी आजवर एकच पाहिली होती, तीही जत्रेत. म्हशीहून बुटकी, राखेच्या रंगाची, अंगाला केस नाहीत, शिंगं नाहीत, कातडी सैल आणि घड्याघड्यांची. खायला निवडुंग आणि बाभळीचे काटे. उन्हं चढली की खुरांनी जमीन उकरून खालच्या ओल्या मातीत तोंड खुपसून पडते आणि कासेतून नितळ, किंचित गोडसर पाणी देते. जीभ मात्र माझ्या हाताएवढी लांब आणि काळी. सगळ्यांच्या पुढे जी बांधली आहे तिला थोरली म्हणतात. मी गोठ्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

चेअरमन सुंदरराव भेटायला आले. पांढरा फेटा, मोजकं बोलणं. प्रवासाची चौकशी करता करता ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. मुलाखतीतही त्यांनी मला पाठमोरं उभं केलं होतं. माझ्या सदऱ्याला ठिगळ आहे की काय, अशी मला तेव्हाही शंका आली होती.

३ एप्रिल

आज जो मान मिळाला तो लग्नातही मिळाला नव्हता.

गोठ्याचं काम साखराबाई बघतात. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. सकाळी त्यांनी मला सदरा काढायला लावला. नव्या माणसाची झरव्यांशी ओळख करून द्यायची इथली रीत आहे म्हणे. मडक्यातून काहीतरी काळपट, खारट वासाचं काढून त्यांनी माझ्या मानेला, पाठीला, दंडांना चोळलं. हळदीतही मला कुणी इतकं मन लावून चोळलं नव्हतं. मग खांद्यांवर एक मऊ राखी कातडं टाकलं आणि मला थोरलीच्या तोंडापुढे गुडघ्यांवर बसवलं. सगळं गाव घागरी घेऊन जमलेलं. मी दोन-चार विनोद केले. कुणी हसलं नाही.

थोरलीनं हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग जीभ लावली. खरखरीत, पण ऊन-ऊन. मानेपासून कमरेपर्यंत एक सरळ पट्टा, पुन्हा वरून दुसरा. सुरुवातीला गुदगुल्या झाल्या, नंतर डोळे जड झाले. आणि मी सगळ्या गावासमोर, उघड्या अंगानं, चक्क झोपलो!

जागा झालो तो धारांच्या आवाजानं. साखराबाई थोरलीच्या कासेखाली बसल्या होत्या आणि पाणी घागरीत वाजत होतं. थोरलीनं सोडलं तसं बाकीच्यांनीही सोडलं. बाया रडत होत्या, एक म्हातारा ओंजळ धरून नुसता उभा होता. सुंदररावांनी स्वतः माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, “लई दिसानं पान्हा आला, डॉक्टर. आता तुमी आमचे.” मला भरून आलं. गीताला पत्र लिहून टाकलं.

८ एप्रिल

पाणी वाटप पाहिलं. घरातली माणसं बघून घागर भरतात, जमीन बघून नाही. विधवेची घागर आणि बागायतदाराची घागर एकाच मापानं. चेअरमनची सगळ्यात शेवटी. सहकार सहकार म्हणून भाषणं खूप ऐकली होती, डोळ्यांनी पाहिला तो इथं.

पण गोठ्यात एकही पिल्लू नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. पर्यवेक्षकाच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी माझं लक्ष हारात होतं. साखराबाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

दुष्काळातला पहिला पावसाळा कोरडा गेला तेव्हा संघानं ठराव केला, की पिल्लं आईचं पाणी पितात, तेव्हा पिल्लं विकून टाकायची. विकली. त्या दिवसापासून झरव्यांनी पान्हा चोरला. थेंब नाही. मग म्हशीचं पारडू मेलं की करतात ते केलं. एक पिल्लू विकण्याआधीच मेलं होतं, त्याच्या कातड्यात कडबा भरून, शिवून थोरलीपुढे ठेवलं. ती चाटायची आणि सोडायची. पण तीही उपाशीच. एका सकाळी तिनं ते शिवलेलं पिल्लू फाडलं आणि आतला कडबा खाऊन टाकला. नंतर रिकामं कातडं पुढ्यात घेऊन ती ओरडत राहिली. गावानं कानांत बोळे घातले होते, म्हणाल्या. पुढे शेळीचं करडू लावून पाहिलं, ते तिनं तुडवलं. माणूस मात्र तिला चालतो. माणसाचा घाम खारा असतो, आणि झरव्यांना मिठाची भारी ओढ.

मी विचारलं, रोज माझ्या खांद्यावर टाकता ते कातडं—? त्या म्हणाल्या, तेच.

मी हसलो. मग थोडा वेळ हसलो नाही. मग पुन्हा हसलो, कारण शेवटी एवढं आहे तरी काय? मी अठ्ठावीस वर्षांचा, मिशा असलेलं, पदविका घेतलेलं पिल्लू आहे. पगार मिळतो, पाणी मिळतं, झोप मिळते. गीताला हे सगळं लिहिलं. ती आठवडाभर हसेल.

१६ एप्रिल

पाठीवरची लव गेली. मानेवरचे केसही गेले, तिथली कातडी लहान बाळासारखी झाली आहे. दुखत नाही. उलट चाटून झाल्यावर सदरा घातला की तोच टोचतो.

जेवण कमी झालं आहे. मी, ज्याला गीता ‘बकासुर’ म्हणते, तो एका भाकरीत आटपतो. मीठ मात्र मुठीनं लागतं. साखराबाई न मागता ताटात ढीग ठेवतात.

काल औषधं आणायला केजला गेलो होतो. चाँदची लॉरी बंद पडली आणि परत यायला आजची दुपार झाली. तेवढ्या वेळात झरव्यांनी कुणालाही कासेला हात लावू दिला नव्हता. गावातून चालत गोठ्याकडे आलो. पोरं सावलीला पडून होती, ओठ पांढरे पडलेले. एक बाई बाळाच्या तोंडात ओलसर पदर पिळत होती आणि पदरातून काही येत नव्हतं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सदरा वाटेतच काढला आणि पळत जाऊन थोरलीपुढे बसलो.

बसल्यावर किती बरं वाटलं, हे गीताला लिहिलेलं नाही.

२४ एप्रिल

माझ्याआधी कोण होतं, हे मी आजवर विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही म्हणू की सुचलं नाही म्हणू! आज विचारलं. साखराबाईंनी हातातलं काम ठेवलं आणि मला आपल्या घरी घेऊन गेल्या.

बाजेवर त्यांचे यजमान होते, आसाराम. भर दुपार होती, दारातून चांगला उजेड येत होता, त्यामुळे मला सगळं दिसलं. भुवया नाहीत. पापण्यांना केस नाहीत. बोटांना नखं नाहीत. तळहातावर एक रेषा नाही, नुसती गुळगुळीत कातडी आणि तिच्याखाली निळ्या शिरा. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मानेचा वास घेतला.

तेवढ्यात गोठ्यात एक झरवी हंबरली. आसाराम बाजेवरून खाली पडले आणि हातापायांवर दाराकडे रांगत निघाले. तोंडानं बारीक आवाज काढत होते. रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. साखराबाईंनी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं, रोजचं काम असल्यासारखं. म्हणाल्या, ते एकच मागतात, मला परत थोरलीपाशी न्या. दोनदा नेऊन बसवलं. थोरलीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. “आता त्यांच्यात मीठच न्हाई ऱ्हायलं.”

आधी प्रत्येक घरानं आळीपाळीनं माणूस द्यायचा, असं संघात ठरलं होतं. आसाराम आपण होऊन पहिले बसले. त्यांची ही गत झाल्यावर पुढची पाळी आली सुंदररावांच्या मुलाची. तेव्हा सुंदररावांनी पर्यवेक्षक पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात दिली. मी येईपर्यंत चाँद लांबून लॉरीत आणायचा त्या पिंपभर पाण्यावर गाव तगलं, आणि माझा पहिल्या दिवशीचा रांजण त्यातूनच भरला होता.

मला हे पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीत, असं मी ओरडून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “कावून सांगू? माझी दोन नातवंडं हायती.”

उद्या सकाळी मी जातो.

२५ एप्रिल

गेलो होतो. सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे मलाच समजेल.

ट्रंक उचलून भर सकाळी निघालो. कुणी अडवलं नाही. सुंदररावांनी हात जोडले फक्त. वेशीपर्यंत दोन्ही बाजूंना बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, कडेवर पोरं. मी खाली मान घालून लॉरीत बसलो. चाँदनं वडगावला सोडलं. एस.टी. आली. मी एक पाय वर ठेवला.

आणि मानेला गार लागलं. चाळीस-बेचाळीसचं ऊन तापलेलं आणि मला हुडहुडी भरली, लहानपणी कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तशी. कंडक्टरनं विचारलं, येताय का उतरताय? मी उतरलो.

चाँदला म्हटलं, लेकरांना तहानलेलं टाकून कसा जाऊ? त्यानं लॉरी वळवली. मी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिलं आहे. तेच खरं कारण असावं अशी माझी इच्छा आहे.

४ मे

नखं मऊ पडली आहेत. पेन बोटांतून निसटतं, म्हणून फडक्यानं बांधलं आहे. दाढी करावी लागत नाही. मिशी गेली. परवा थोरलीची जीभ गालावरून फिरली आणि तिच्याबरोबर गेली. दुखलं नाही. ते केस तिच्या जिभेवर दिसले तेव्हा मला हसू आलं. हसू का आलं?

गीताचं पत्र आलं. सुट्टी लागतेच आहे, म्हणते. मिशीवाल्या पिल्लाला बघायला येते आहे. नवीन लुगडं घेतलं आहे. रिठे सोबत आणते आहे, केस धुवायला.

तिनं इथं यायचं नाही. काहीही होवो, यायचं नाही. माझं जे व्हायचं ते होऊ दे, पण तिचा इथं पाय पडता कामा नये. लिहायला बसलो, तर अक्षर वेडंवाकडं— ते बघून ती धावतच येईल. म्हणून चाँदला पाठवलं आहे. त्याला म्हटलं, तोंडी सांग. काय सांगायचं ते सांग, पण तिला थांबव.

७ मे

चाँद परत आला. त्यानं तिला माझं नाव घेऊन सांगितलं की राधाकिशनभाऊ आजारी आहेत.

मी त्याच्या अंगावर धावलो. तो म्हणाला, “भाभीनं डोळ्यात बघून इचारलं. खोटं बोलवना.” मी त्याला मारत होतो आणि त्याला लागत नव्हतं. त्यानं माझे हात धरले, उलटे केले, तळवे बघितले. मग तोच रडायला लागला.

ती सुट्टीची वाट बघणार नाही. निघाली असेल.

पुन्हा जा म्हटलं. वाटेतच गाठ, परत फिरव. गेला आहे.

८ मे

थोरली आज लवकर थांबली. चार-दोन वेळा चाटलं आणि मान वळवली.

मी अंगाला मीठ चोळलं. ते तिनं चाटलं. मीठ संपल्यावर पुन्हा मान वळवली.

घागरी निम्म्याच भरल्या. सुंदरराव मागं येऊन उभे होते. माझी पाठ बघत होते. चाँद लॉरीचं झिजलेलं टायर असंच बघतो.

मला भीती वाटते आहे. गीता येईल याची नाही— म्हणजे तीही आहेच. पण त्याहून थोरली नको म्हणेल याची. हे लिहिताना लाज वाटली. बरं झालं, अजून वाटते.

९ मे

आली.

चाँदला चुकवून दुसऱ्या गाडीनं आली. वडगावहून चालत. दारात उभी, घामानं निथळत, हातात पिशवी. मला ओळखलं नाही. मग ओळखलं.

ती किंचाळली नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि भुवया होत्या तिथं बोट फिरवत बसली. माझी गीता. मग उठली आणि सुंदररावांपुढे जाऊन उभी राहिली. असं काही सुनावलं की सगळं गाव खाली बघत होतं. कलेक्टरपर्यंत जाईन म्हणाली. उद्या चाँदच्या लॉरीतून तुला नेते, बांधून न्यावं लागलं तरी नेते, म्हणाली. सुंदरराव म्हणाले, न्या बाई. खुशाल न्या.

इतक्या सहज का म्हणाले?

तिला म्हटलं आत्ताच जाऊ. चालत जाऊ. ती म्हणाली, तुझ्यानं चालवणार नाही, लॉरी येऊ दे.

तिला गोठ्यात येऊ नकोस म्हटलं. तीनदा म्हटलं. शेवटचं एकदा मी जाऊन येतो, निरोप घेतो आणि—

ती मला एकटं सोडायला तयार नव्हती. माझ्या मागं आली.

१० मे

काल लिहिलं नाही ते.

मी थोरलीपुढे बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. गीता माझा हात धरून उभी, रडत होती. गालांवर पाणी. थोरलीनं मान लांब केली, माझ्या डोक्यावरून— आणि गीताच्या गालाला जीभ लावली.

मी ओरडायला हवं होतं. मी ओरडलो असं मला वाटलं. आवाज बारीक निघाला.

गीता दचकली, हात वर केला. मग हात खाली आला. मग ती खाली बसली. डोळे मिटले.

सगळ्या गोठ्यानं पान्हा सोडला. सगळ्या एकदम. इतकं पाणी माझ्या वेळी कधी आलं नव्हतं. घागरी भरून वाहिल्या, खाली चिखल झाला. पोरं चिखलात लोळत होती. बाया आणखी घागरी आणायला पळाल्या. साखराबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

मडकं घेऊन आल्या होत्या. ते राखी कातडंही. माझ्या खांद्यावरचं कातडं कधी काढलं ते मला कळलं नाही.

११ मे

आज संघानं माझा सत्कार केला. शाल आणि नारळ. सुंदरराव बोलले. मी गावाला जगवलं, असं काहीतरी बोलले. टाळ्या वाजल्या. शाल टोचते.

मी मोकळा आहे, म्हणाले. कधीही जा.

चाँद परतला आहे, लॉरी घेऊन दारात उभा आहे. तो कानाशी येऊन म्हणाला, भाभीला उठव, दोघं बसा, मी सरळ अंबाजोगाईपर्यंत थांबत न्हाई. कुणी आडवं आलं तर बघून घेईन. खरंच बघून घेईल तो. हाक मारली तर ती उठेल. अजून तिच्या भुवया आहेत. दोनच दिवस झाले आहेत. उठेल.

हाक मारायची आहे. तिला वाचवायचं आहे.

दुपार

हाक मारली नाही.

चाँद दोनदा आत आला. म्हटलं, थांब.

ती निवांत झोपली आहे. थोरलीच्या मानेखाली. माझ्या जागेवर. जीभ खाली येते, वर जाते. सावकाश. माझ्यावर इतकी सावकाश कधी— मला नेहमी घाईनंच—

ती जागा माझी आहे. ती उठली तर जागा रिकामी होईल. पण रिकामी झाली तरी थोरली मला— मघाशी मी गीताच्या शेजारी जाऊन बसलो. हुंगलं. तोंड फिरवलं.

गीताचा पदर ओढून अंगावर घेतला. घामानं भिजलेला. आता चाटलं! दोनदा. मानेवर. मी रडलो, पाणी आलं नाही. मग पदर कोरडा झाला. मग नाही.

तिच्यात किती आहे. नुसती भरलेली आहे. मला थोडं हवं. तिचं तिला पुरून—

घाम थोडाच असतो. डोळ्यांतलं तर ती झोपेत—

रक्तही खारटच असतं.

साखराबाई निवडुंग छाटतात तो विळा गव्हाणीपाशी आहे. आणला. थोडंसंच. तिच्या हाताला. माझ्या अंगाला लावण्यापुरतं. ती काही बोलणार नाही, तिनं मला कधी नाही म्हटलं नाही, आणि इतकी गाढ झोपली आहे की कळणारही—

थोरली माझ्याकडे बघते आहे. आता माझ्याकडे बघते—